चार नंबरचा नमुना

ऋतिका परब पहिल्या चाचणीत नापास झाली, कारण तिचा पेपर वाचूनच संपला नाही. चाळीस प्रश्न, पन्नास मिनिटं, सगळं इंग्रजीत. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ती सत्ताविसाव्या प्रश्नावर होती. सोडवलेल्या सव्वीसपैकी पंचवीस बरोबर निघाले, पण पास व्हायला तीस लागत होते.

कांजूरमार्गच्या मराठी शाळेतली मुलगी. आजोबा मालवणहून येऊन लालबागच्या गिरणीत राबले. वडील, बाळा परब, लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत टेक्निशियन. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्याबरोबर बिल्डिंगांच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायची आणि झाकण काढलेलं यंत्र बघत तास तास गप्प बसायची. त्यामुळे बारावी झाल्यावर "मला विमानं दुरुस्त करायला शिकायचंय" असं ती म्हणाली तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. आई, मालन, एवढंच म्हणाली, "लिफ्ट बिघडली तर माणसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकतात. विमानाचं तसं नाही. शिकायचं तर नीट शिक."

म्हणून ती मरोळच्या कॉलेजात आली, आणि आल्या आल्या आपटली.

पण ती रडत बसली नाही. निकाल हातात घेऊन कँटीनमध्ये बसली आणि तिने सरळ हिशेब केला. आपल्याला येतं, फक्त वाचायला वेळ लागतो. मग जास्त वाचायचं. त्या दिवसापासून तिने एक जाड वही केली. मेन्टेनन्स मॅन्युअलमधलं वाक्य घ्यायचं, हळू आवाजात वाचायचं, आणि त्याचा अर्थ आपल्या मराठीत वहीत उतरवायचा. अर्थ लिहिता आला नाही तर ते वाक्य समजलेलं नाही, असा नियमच. बाकीची मुलं चित्र बघून पान उलटायची. ही एका पानावर पाऊण तास.

"तू मॅन्युअल वाचतेस की पोथी?" देवेश तिला चिडवायचा. देवेश मुलुंडचा, कॉन्व्हेंटमधला, डोक्याने तल्लख आणि स्वभावाने मोकळा. "शेवटी प्रसाद पण देणार काय गं?"

"तू येऊन बस रे आधी," ती वर न बघता म्हणायची.

दुसऱ्या वर्षी ती पेपर वेळेत संपवायला लागली. तिसऱ्या वर्षी देवेशच तिच्या वहीचे फोटो मागायला लागला.

त्या कॉलेजचं वर्कशॉप तळमजल्यावर होतं. मधोमध एक जुनं इंजिन, बाजूने कामाची टेबलं, आणि दाराजवळच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत सावे सरांचा बोर्ड. नंदकिशोर सावे तीस वर्षं एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये, विमानं दुरुस्त होतात त्या शेडमध्ये, काढून निवृत्त झालेले. बोरिवलीहून रोज पावणेआठला हजर. इस्त्रीचा निळा कोट, खिशात छोटा टॉर्च. त्यांनी स्वतःच्या हाताने तो बोर्ड बनवला होता. लॉकवायरचे बारा नमुने.

लॉकवायर म्हणजे बारीक पोलादी तार. विमानात सगळं सतत थरथरत असतं आणि थरथरीने बोल्ट सैल होऊ शकतात. म्हणून बोल्टच्या डोक्याला भोक असतं. त्यातून तार ओवायची, पिळायची, आणि पिळलेली तार शेजारच्या बोल्टच्या डोक्यातून काढून बांधून टाकायची. तार अशी बसवायची की एक बोल्ट सुटायला लागला तर ती ताणली जाऊन दुसऱ्याला आवळते. पीळ ढिला पडला तर काम फुकट, जास्त झाला तर तार तुटते. सरांचा पीळ बघत राहावा असा, एकसारखा, जणू मशीनमधून निघालेला. प्रत्येक बॅच त्या काचेसमोर उभी राहून शिकली होती.

फायनल प्रॅक्टिकलमध्ये या बारापैकी एक नमुना चिठ्ठीने येणार होता. परीक्षा मंगळवारी. आदल्या रविवारी ऋतिका घरी सराव करत बसली. वडिलांनी तिला लोखंडी पट्टीत आटे पाडून बोल्ट बसवून दिले होते आणि बोल्टांच्या डोक्यांना भोकंही पाडून दिली होती. तिने तीन नंबरचा नमुना केला, मग चार नंबरचा. दोन्हीत दोनच बोल्ट. फरक एवढाच, की तीनमध्ये तार डाव्या बोल्टच्या वरून निघून उजव्याच्या खाली जायची, आणि चारमध्ये बरोबर उलट. मुलं म्हणायची, दोन पद्धती आहेत.

बाळा परब चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. "ह्यां घट्ट रवता?"

"बघा ना ओढून."

त्यांनी पाना घेतला. तीन नंबरचा बोल्ट उलटा फिरवायला गेले, पण तार ताठ झाली आणि बोल्ट जागचा हलला नाही. "झकास," ते म्हणाले. मग चार नंबरला पाना लावला. बोल्ट सहज फिरला. पाव फेरा, मग अर्धा. तार लोंबायला लागली.

"ह्यो सुटलो गो," ते म्हणाले.

"माझंच काहीतरी चुकलं असेल." ऋतिकाने तार कापली, पुन्हा बांधली. फोनवरचा बोर्डाचा फोटो मोठा करून पीळ न् पीळ ताडून बघितला. तंतोतंत तशीच होती. "आता फिरवा."

बोल्ट पुन्हा सुटला.

"तुझ्या सरांनी ह्यां असांच शिकवल्यान?"

ती वही काढून बसली. मॅन्युअलमधल्या त्या भागातली वाक्यं तिने दीड वर्षापूर्वी उतरवली होती. एक होतं, तार नेहमी बोल्ट आवळण्याच्या दिशेनेच ओढली गेली पाहिजे. त्याखाली दुसरं, उलट्या आट्यांचा, म्हणजे उलट फिरवून आवळायचा बोल्ट असेल तर तारेची दिशाही उलटी. तिने वडिलांना विचारलं, "बाबा, उलटे आटे कुठे असतात?"

"सायकलच्या डाव्या पायडलाक. आणि आमच्या एका जुन्या मशीनीत होते."

"म्हणजे चार नंबर उलट्या आट्यांसाठी आहे. साध्या बोल्टसाठी नाही." तिने पुन्हा फोटो बघितला. "पण बोर्डावरचे बोल्ट तर साधे दिसतायत."

पण फोटोवरून आतले आटे नक्की कळत नव्हते. तेवढी एक शंका राहिली.

सोमवारी ती पावणेआठच्या आधी दारात उभी होती. सर आले, पण त्यांच्यामागे दोन शिपाई, हातात याद्या, टेबलं हलवायची, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांची व्यवस्था.

"सर, चार नंबरच्या नमुन्याबद्दल विचारायचं होतं."

"काय त्याचं?"

"मला वाटतं तो उलटा आहे."

सावे सर थांबले. रागावले नाहीत, पण चेहरा मिटल्यासारखा झाला. "परब, किती बॅच गेल्या या बोर्डावरून, माहितीये? परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन शंका काढायच्या नाहीत. जा, हात मोकळा कर. तुझा पीळ अजून जाड येतो."

ती बाहेर आली. देवेश पायरीवर वडापाव खात होता. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने खाता खाता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यार, बारा नमुने आहेत. चार नंबर तुलाच येणार आहे का? आणि आला तर बोर्डावर आहे तसं करून टाक. मार्क बोर्डाप्रमाणे देणार. सरांना परीक्षकासमोर उघडं पाडणार आहेस?"

"सरांचा प्रश्न नाही रे."

"मग?"

"बोल्ट सुटतो," ऋतिका म्हणाली. "मी फिरवून बघितलाय."

मंगळवारी परीक्षक आल्या. मृणालिनी कर्णिक. एका विमान कंपनीत परवानाधारक इंजिनिअर, पन्नाशीच्या आतबाहेर, केस कापलेले, बोलणं मोजकं. त्यांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेकाला बोलावलं. देवेशने उघडली. चार. त्याने मागे वळून ऋतिकाकडे बघून डोळे मोठे केले. आणखी पाच मुलांनंतर ऋतिकाची पाळी आली. मधल्या पाच चिठ्ठ्या वेगळ्या होत्या. तिच्या चिठ्ठीवर पुन्हा चार.

वीस मिनिटं होती. तिने आधी टेबलावर दिलेल्या लोखंडी ठोकळ्यातला बोल्ट हाताने थोडा सोडवून आटे बघितले. साधे, उजवे. मग तो परत आवळला आणि कामाला लागली. तार ओवली, पक्कड लावली, पीळ देत गेली. डाव्या बोल्टच्या वरून, उजव्याच्या खाली. शेवटची शेपटी आत वळवली, म्हणजे कुणाच्या बोटाला लागू नये. पंधराव्या मिनिटाला हात पुसून ती बाजूला झाली.

मृणालिनी मॅडम टेबलांवरून फिरत आल्या. देवेशचा ठोकळा बघितला, पुढे गेल्या. ऋतिकाच्या ठोकळ्यापाशी आल्या. मग मागे जाऊन देवेशचा ठोकळा उचलून आणला आणि तिच्या शेजारी ठेवला.

"दोघांचाही चार नंबर?"

"हो मॅडम."

"मग एक उलट आणि एक सुलट का?" त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे बघितलं. "बोर्डाप्रमाणे त्याचं बरोबर दिसतंय."

वर्कशॉपमधल्या सगळ्या पकडी थांबल्या. सावे सर दाराशी उभे होते, हात मागे बांधून.

"मॅडम," ऋतिका म्हणाली, "बोर्डावरचा नमुना उलट्या आट्यांसाठी आहे. हे बोल्ट साधे आहेत. यांना तशी तार बांधली तर बोल्ट सुटतो."

"तुला खात्री आहे?"

"घरी फिरवून बघितलंय. मॅन्युअलमध्येही लिहिलंय. आता पण फिरवून दाखवते."

"दाखव."

तिने पाना घेतला. आधी स्वतःचा बोल्ट. तार ताणली, बोल्ट हलला नाही. मग देवेशकडे बघून विचारलं, "फिरवू?" देवेशने खांदे उडवले. "फिरव बाई." त्याचा बोल्ट अर्धा फेरा फिरला आणि तार मधोमध ढिली पडली.

मृणालिनी मॅडमनी ते बघितलं आणि मग कुणालाच अपेक्षित नव्हता असा प्रश्न विचारला. "आणि बोर्डावरचा? तो उलट्या आट्यांचा असेल तर बोर्ड बरोबर आहे. तुझ्या मित्राने फक्त तो चुकीच्या जागी वापरला."

"ते बोर्ड उघडल्याशिवाय कळणार नाही, मॅडम." ऋतिकाने सरांकडे वळून बघितलं. आवाज तिने चढवला नाही, पाडलाही नाही. "सर, तुम्ही म्हणालात तरच."

सरांच्या काचेच्या चौकटीला कुणाचा हात लागला तर केवढा ओरडा व्हायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. सावे सर चालत आले. त्यांनी कोटाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, चौकटीचे सहा स्क्रू एकेक करून सोडवले, काच उतरवून टेबलावर ठेवली आणि पाना स्वतःच्या हातात घेतला. चार नंबरच्या बोल्टला लावला. डावीकडे फिरवला.

बोल्ट सुटला. साधा, उजव्या आट्यांचा बोल्ट होता.

सरांनी ती लोंबती तार बोटाने उचलून बघितली. मग म्हणाले, "चार वर्षांपूर्वी वर्कशॉपमध्ये छातीएवढं पाणी शिरलं होतं. जुना बोर्ड गंजून गेला. नवीन बनवताना उलट्या आट्यांचे बोल्ट बाजारात मिळेनात. तात्पुरते साधे लावले, नंतर बदलू म्हणून. तार जुन्या फोटोवरून बांधली. खाली 'उलटे आटे' अशी चिठ्ठी असायची, तीही राहिली." ते मृणालिनी मॅडमकडे वळले. "मुलांची चूक नाही. माझी आहे. आणि ही मला काल सांगायला आली होती. मी ऐकून घेतलं नाही."

सर परीक्षकासमोर असं बोलतील, याची ऋतिकाने कल्पनाच केली नव्हती.

मृणालिनी मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "देवेश, तू पुन्हा कर. बोल्टचे आटे बघून. पंधरा मिनिटं." मग ऋतिकाला म्हणाल्या, "तुझा पीळ थोडा जाड आहे. त्याचे दोन मार्क कापले."

"हो मॅडम," ऋतिका म्हणाली, आणि मागून कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. सरसुद्धा.

देवेशने दुसऱ्यांदा बारा मिनिटांत केलं. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "माझी वाट लागली होती आज. तू काल सांगितलं होतंस ना? मी ऐकलं का नाही?"

"वडापाव खात होतास."

संध्याकाळी सगळे गेल्यावर सावे सरांनी तिला थांबायला सांगितलं. त्यांनी रजिस्टर काढलं होतं, पाणी भरल्यानंतरच्या बॅचचं. "ही मुलं या बोर्डावरून शिकलीत. आता हँगरमध्ये आहेत. हैदराबाद, बंगलोर, दोघं दोह्याला. प्रत्येकाला फोन करायचाय. तू नंबर वाच, मी बोलतो."

पहिला फोन त्यांनी उभ्यानेच केला. स्पष्ट सांगितलं. चार नंबरचा नमुना चुकीचा आहे, तशी तार साध्या बोल्टला बांधू नकोस, आजवर बांधली असशील तर सुपरवायझरला सांग. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "सर, पहिल्याच आठवड्यात आमच्या इन्स्पेक्टरने कापून फेकली होती. शिव्या पण घातल्या. तेव्हाच शिकलो."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला कसं सांगणार, सर?"

दुसरा फोन, तिसरा, चौथा. हँगरमधली प्रत्येक तार दुसरं कुणीतरी तपासतंच, त्यामुळे नुकसान कुठेच झालं नव्हतं. पण उत्तर जवळजवळ सगळ्यांचं तेच. कळलं होतं सर. सांगितलं नाही सर. सातव्या फोननंतर सावे सर स्टुलावर बसले. चष्मा काढून डोळे चोळले.

"एवढ्या मुलांना माहीत होतं," ते म्हणाले. "आणि मी रोज काच पुसत होतो."

ऋतिकाने पाण्याची बाटली पुढे केली. ते दोन घोट प्याले. मग रजिस्टर तिच्याकडे सरकवत म्हणाले, "वाच पुढचा नंबर. अजून चोवीस आहेत."

त्या दिवशी घरी पोचायला उशीर झाला. बाळा परब दारातच विचारते झाले, "काय झालां?"

"पास होईन. दोन मार्क कापले."

"कशाक?"

"पीळ जाड आला."

वडिलांनी तिचा हात हातात घेऊन तळव्यावरचे तारेचे ओरखडे बघितले. "बारीक येयत," ते म्हणाले, आणि मालनला जेवण वाढायला सांगितलं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. प्रॅक्टिकलमध्ये वर्गात पहिली प्रीतम नावाची एक मुलगी आली, घाटकोपरची. तिचा पीळ खरंच सुंदर होता. ऋतिका दुसरी. पण हँगरमधल्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी मृणालिनी मॅडमच्या कंपनीने कॉलेजातून दोन नावं मागवली, तेव्हा त्यात दोघींची होती. देवेशला बंगलोरची जागा मिळाली. जाताना तो ऋतिकाची जाड वही मागत होता. तिने झेरॉक्स काढून दिली आणि मूळ वही स्वतःकडे ठेवली.

रुजू व्हायच्या सोमवारी सकाळी सातला ती विमानतळाच्या हँगरच्या गेटवर उभी राहिली. पासवरचा फोटो भयंकर आला होता. सुरक्षारक्षकाने तो दोनदा निरखला आणि आत सोडलं. आत एक पांढरं विमान उभं होतं, इंजिनाची झाकणं उघडी, शिड्या लावलेल्या, माणसं त्यावर चढलेली. मृणालिनी मॅडम शिडीखाली एका तरुण इंजिनिअरशी बोलत होत्या. त्यांनी ऋतिकाला बघून मान हलवली आणि त्याला म्हणाल्या, "सम्यक, हिला डाव्या इंजिनाचं कार्ड दे."

सम्यकने कामाचं कार्ड तिच्या हातात ठेवलं. दोन पानं, दाट अक्षरात. "वाचून झालं की सांग. वर जाऊ."

"पंधरा मिनिटं लागतील," ऋतिका म्हणाली.

त्याने घड्याळात बघितलं. मग मॅडमकडे बघितलं आणि बाही घड्याळावर ओढली. ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली, कार्ड मांडीवर ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चौदाव्या मिनिटाला ती उठली. "चला," ती म्हणाली, हातमोजे चढवले, आणि त्याच्या आधी शिडी चढायला लागली.